हौद्याबाहेरची पायरी

मी नोकरीसाठी कतारला, दोह्याला निघाले त्या सकाळी तालमीतल्या सगळ्या मुली एसटी स्टँडवर आल्या होत्या. सगळ्यांत धाकटी नंदा सराव उरकून धावत आली. कोपरांना लाल माती तशीच. आई माझ्या बॅगेत पत्रकांचा गठ्ठा कोंबत म्हणाली, "तिथंही बायका असतीलच की."

मी पत्रकांवरच वाढले. बायकांच्या हक्कांसाठी आई ती लिहायची, मी बाजारात वाटायचे. माझं स्वतःचं पहिलं पत्रक आमच्या वस्तादांविरुद्ध होतं. पाळीच्या दिवसांत मुलींनी हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत पाय ठेवायचा नाही, पायरीवर बसून पोरांच्या कुस्त्या बघायच्या, हा तालमीचा रिवाज. मी लिहिलं, 'एकही दिवस बाहेर बसणार नाही', आणि तसं सांगून मातीत उतरले. वस्तादांनी बोलणं टाकलं, पण अडवलं नाही. मग बाकीच्याही उतरू लागल्या.

इथं दोह्यात, अल थुमामा भागात, बायकांच्या जिममध्ये मी कुस्ती शिकवते. मॅट, एसी, दाराला जाड पडदा. माझी एक शिष्या, झोया, रत्नागिरीकडच्या घरातली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. एकदा म्हणाली, "कोच, पिरियड्स. नॉट टुडे," आणि भिंतीला टेकून बसली. मला रागच आला. मी एवढी भांडले, ते हिनं असं बसावं म्हणून? दोन दिवसांनी तिनं येऊन मला सरळ चीत केलं.

त्याच आठवड्यात नंदाचा फोन आला. मी गेल्यावर वस्तादांनी मुलींना पुन्हा पायरीवर बसवलं होतं.

"पण ताई, मी नाही बसले. सणाला माझी आई घेते ना, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या, त्याच घेते. दर महिन्याला."

तिला शाबासकी हवी होती. मधेच रक्त जातं, डोकं ठणकतं, हे तिनं नंतर सहज सांगितलं.

माझंच वाक्य पाळत होती ती. वस्तादांशी भांडणारी मी विमानात बसले आणि वाक्य तेवढं तिच्यापाशी ठेवून आले.

तिला डॉक्टरकडे धाडलं. गोळ्या बंद, खलास. वस्तादांना फोन केला, तर म्हणाले, "इथं येऊन सांग. फोनवर तालीम चालत नसती." मी आईला नवं पत्रक पाठवलं: 'उतरायचं की बसायचं, हे जिचं पोट दुखतं ती ठरवेल.' या वयात आई एकटी ते वाटत फिरते आहे.

निवड चाचणी तोंडावर आली आहे आणि पाळीच्या दिवसांत नंदा आता पायरीवर असते. तिथूनच फोन करते; मागं पोरांचे शड्डू ऐकू येतात. परवा तिला म्हटलं, सुट्टी मागितली आहे, इन्शाल्ला मिळेल.

"ये की," ती म्हणाली. "पण परत जाशीलच ना?"

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते. डोळ्यांपुढं मात्र ती पायरी येते, आणि नंदाच्या शेजारची रिकामी जागा.