माईकवरची माफी

आष्टीच्या बाजारातल्या व्हिडिओ हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर लागला की रामकिसन माईक धरून टीव्हीशेजारी बसायचा आणि गोऱ्या लोकांना मराठवाडी बोलायला लावायचा. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण पिक्चर एकदा बघितला की त्याच्या तोंडाला लगाम नसे. नायकाचा कचरू व्हायचा, नायिकेची बेबीनंदा.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सासऱ्याच्या तेरवीला तो गेला नव्हता. बाजाराचा दिवस, खेळ सोडवला नाही. तेव्हापासून त्याची बायको गोजरबाई भांडायचीच थांबली. वेळेवर भाकरी, वेळेवर पाणी, विचारलं तर ‘हां’ नाहीतर ‘न्हाई’. पूर्वी तिचं तोंड सुटलं की गल्ली गोळा व्हायची. आता ते गप्प घर त्याला खायला उठायचं.

त्यात मालक काकासाहेबांनी नवी कॅसेट आणली. परग्रहावरचे जीव माणसांची हुबेहूब रूपं घेऊन घराघरांत वावरतात, फक्त त्यांना राग-लोभ नसतो. या गोष्टीचा जुना पिक्चर रामकिसनला तोंडपाठ होता. हा तोच, नव्याने काढलेला.

"आधी बघून घे एकदा," काकासाहेब म्हणाले.

"गोष्ट तीच हाय. बघायचं काय त्यात?"

खेळाला शेजारणींनी गोजरबाईला ओढून आणलं. बायकांच्या बाजूला ती दगडासारखी बसलेली रामकिसनला दिसली. दिसायला तीच, पण ती नव्हेच. शेवटी कचरूला बेबीनंदा भेटते आणि ती खरी निघते, हे त्याला ठाऊक होतं. तिथेच कचरूच्या तोंडून मनातलं बोलून टाकायचं त्याने ठरवलं.

"चुकलं माझं," तो माईकवर म्हणाला. "तुझ्या बापाच्या तेरवीला यायला पायजे होतं. बोल ना गं काहीतरी."

बेबीनंदाने तोंड उघडलं आणि आतून हिरवी जीभ वळवळत बाहेर आली. नव्या पिक्चरमध्ये तीच तोतया होती. पोरं किंचाळली, बाकीचे हसत सुटले. रामकिसनने माईक खाली घेतला.

"बाप माझा मेला, अन् माफी त्या हडळीची मागून राह्यले?" गोजरबाई पदर खोचून उभी होती. "घरी तोंड न्हाई का तुमाला? माय माझी वाट बघून राह्यली होती तुमची..."

मग तिने लग्नापासूनचं सगळं काढलं. पिक्चरकडे कुणी बघेना. काकासाहेब तिला गप्प करायला उठले, तर रामकिसनने त्यांचा हात धरला.

"बोलू द्या तिला," तो म्हणाला.