शेजाऱ्याची सही

परतूरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. 'दहशतवाद : कारणे आणि परिणाम' हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, म्हणून दरवर्षी मी त्याचं उत्तर लिहूनच देतो. कारणं पाच, परिणाम सहा. सहावा परिणाम, 'समाजात परस्पर अविश्वास वाढतो.' हे सांगताना माझा आवाज उगाच भरदार होतो. मुलं माना खाली घालून उतरवून घेतात.

माझ्या शेजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. आमच्या घरातली प्रत्येक गादी त्याच्या हातची. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. मी त्याला भाई म्हणतो, तो मला सर. त्याला म्हाताऱ्या आईला घेऊन मक्केला उमऱ्याला जायचं होतं. पासपोर्टचा अर्ज केला तेव्हा म्हणाला, "सर, चौकशीला पोलीस येतीन. दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतेत. एक तुमची धरू ना?"

"हे काय विचारणं झालं, भाई!" मी म्हणालो.

त्याच आठवड्यात एक दहशतवादी हल्ला झाला, आमच्यापासून शेकडो मैल दूर. तीन दिवस टीव्ही ओरडत होता आणि मी त्याच्यासमोरून हललो नाही. स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, "सध्या कुणाच्या कागदावर सही करू नका बाबा. उद्या काही निघालं तर आपलं नाव." त्याला भाईबद्दल काहीच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. तरी ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

चौथ्या दिवशी सकाळी भाई पोलिसाला घेऊन येताना खिडकीतून दिसला. मी आतल्या खोलीत शिरलो आणि बायकोला हातानंच खुणावलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग दारात जाऊन म्हणाली, "ते न्हाईत घरी. सकाळीच जालन्याला गेले."

"असू द्या वहिनी," भाईचा आवाज आला. "पल्याडच्या काकांची घेतो मंग."

संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "तुमच्या चपला दारातच होत्या."

भाईनं त्या पाहिल्या की नाही, हे मला कळेना. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत. दुकानावरून जाणं टाळायला मी लांबच्या गल्लीनं कॉलेजात जाऊ लागलो. माय-लेक उमऱ्याला जाऊन आले. त्यानं खजूर आणून दिला, मी तो निर्लज्जासारखा खाल्ला. त्या दिवसाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. मला माझीच शिसारी येत होती. त्या वर्षी वर्गात परिणाम पाचच सांगितले, सहावा तोंडातून निघेना. मुलांचा एखादा मार्क गेला असेल.

यंदा मुलीला परदेशी शिकायला जायचं आहे. तिच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला आणि म्हणाला, दोन शेजारी बोलवा. मी जागचा उठेना. कोणत्या तोंडानं बोलावणार? मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती धावत गेली आणि भाईला घेऊन आली. त्याच्या केसांत कापूस अडकला होता.

"किती वर्षांपासून ओळखता?"

"वीसच्या वर झाले, साहेब. बिलकुल भरवशाचे माणसं हायेत." आणि त्यानं सही ठोकली.

पोलीस गेल्यावर मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो. तो पायात चपला सरकवत होता.

"भाई, त्या दिवशी मी..."

"मालूम हाय सर. चपला दिसल्या व्हत्या."

जायला निघालेला तो पायरीवर थांबला.

"अम्मीनं इचारलं व्हतं, सरची सही का न्हाई म्हणून," तो म्हणाला. "म्या सांगितलं, सर गावाला गेल्ते."