स्मिथ आणि आम्ही

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत शिकत होतो. तिथल्या फोनबुकात स्मिथांची पानंच्या पानं होती. स्मिथ म्हणजे लोहार. इंग्लंडात गावोगावी एक तरी असायचाच, म्हणून एवढे झाले. त्यांना कुणी जात विचारत नाही.

मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी वर्षभर आमटी नेत होतो, आडनाव न सांगता. शेवटी एका काकूंनी विचारलंच; काका शेजारीच उभे होते.

"लोहार," मी म्हटलं.

"अच्छा."

"काकांचे बॉस स्मिथ ना? आमच्यातलेच."

काका हसले, काकू नाही.

पुढच्या पॉटलकआधी काकूंचा फोन आला. "तू शिजवून काही आणू नकोस रे. पेपर प्लेट्स आण."

मी आमटीच नेली आणि टेबलावर मधोमध ठेवली.