मी केलेली यादी

सिंगापूरच्या मेट्रोत तोआ पायोहला चढले की गळ्यातलं कार्ड पुढे घ्यायचं आणि सिटी हॉल गेलं की काढून पर्सच्या तळाशी कोंबायचं, असा माझा तेव्हाचा रोजचा शिरस्ता होता. 'कृपया मला बसायला जागा द्या' असं त्या कार्डावर लिहिलेलं होतं. पुढचं स्टेशन रॅफल्स प्लेस, आणि तिथे माझं ऑफिस. ऑफिसातल्या कुणी ते कार्ड पाहिलं तर काय होईल, या विचाराने सिटी हॉल यायच्या आधीच मी पर्सची चेन उघडून ठेवायचे.

मला दिवस गेले होते. अडतिसाव्या वर्षी, काही न ठरवता. नवऱ्याची कंपनी वर्षापूर्वी बंद पडली होती, त्यामुळे तो आणि आमची आठ वर्षांची मुलगी माझ्या नोकरीच्या परवान्यावर, म्हणजे पासवर, सिंगापुरात राहत होते. माझा एम्प्लॉयमेंट पास संपत आला होता, आणि पुढच्या पासचा अर्ज करायचा की नाही हे ऑफिसच्या हातात होतं. अर्ज महिनाअखेरीला जायचा होता. त्याआधी कुणाला कळलं, तर तो कुणाच्या तरी टेबलावर निवांत पडून राहणार आणि आम्हाला सामान बांधावं लागणार. कायदा काय म्हणतो ते मला पाठ होतं. पण नुसत्या पडून राहिलेल्या अर्जाचं कायदा काय करणार?

आमची कंपनी जपानी. टीममध्ये आम्ही सात बायका, त्यातल्या चार जपानी. तिथे एक न बोललेला नियम होता. बाळंतपणाच्या रजेवर एका वेळी एकीनेच जायचं, आणि जिची नोकरी जुनी तिचा नंबर आधी. मध्येच कुणी घुसायचं नाही. जपानात काही ऑफिसांत असं चालतं, हे मला त्या चौघींनीच सांगितलं होतं.

आता खरं ते सांगते. हा नियम कागदावर आणला मी. मी पडले पुण्याची, तोंडी कारभार मला सहन होत नाही. रजांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी एक्सेलमध्ये झकास यादी केली, प्रत्येकीला वेगळा रंग देऊन. एक मुलगी आहे, माझं झालं, असं धरून स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. साहेबांनी मान हलवून कौतुक केलं आणि मी आठवडाभर हवेत होते.

ती यादी केली आणि एक जपानी सहकारी माझ्याकडे आली. मूळची ओसाकाची, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नोकरीत मात्र माझ्यानंतरची. आम्हाला आता मूल हवंय, चालेल का, असं तिने हळू आवाजात विचारलं. मी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "ऑफिसची नवी कॉम्प्युटर सिस्टिम सुरू होऊ दे, पुढे दोघी आहेत त्यांचं होऊ दे, मग तुमचाच नंबर." ती वाकून थँक्यू म्हणाली. किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. त्याच महिन्यात इथल्या मराठी मंडळींच्या महिला दिनाला मी जपानी स्त्रीच्या कोंडमाऱ्यावर वीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. यादीत आता तिचा नंबर होता, आणि दिवस गेले होते मला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तीन महिने कुणाजवळ बोलू नकोस गं. दृष्ट लागते." आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं निमूट ऐकलं. मग तिचं तीच म्हणाली, "तुझ्या वेळचं माझं डोहाळजेवण स्वयंपाकघरात दार लोटून झालं होतं. थोरल्या जाऊबाईंना मूल नव्हतं ना. आधी त्यांचं व्हायला हवं होतं, असं सगळ्यांना वाटायचं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? चोरी केल्यासारखी जेवले."

मीही तशीच वावरत होते. ऑफिसच्या जेवणात कच्चा मासा पुढे आला की माझा शाकाहार कामी यायचा. कॉफीचा वास आला की फोन आल्याचं निमित्त करून मी बाहेर पळायचे. मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आई, व्हाय यू सो टायर्ड, आ?" नवरा म्हणायचा, "अगं, सांगून टाक ना. काही खाणार नाहीत ते." त्याच्या वाटची भीतीही मीच सांभाळत होते, त्यामुळे त्याला असं बोलणं परवडत होतं.

मग एका मंगळवारी मी राखीव जागेवर बसले होते, कार्ड छातीवर. नोव्हेनाला दार उघडलं आणि ती ओसाकाची सहकारी आत आली. ती राहायची बेटाच्या दुसऱ्या टोकाला, या गाडीत ती कधीच नसायची. माझा हात झटकन कार्डावर गेला, पण तोवर तिने वाचलं होतं. ती येऊन माझ्यापुढेच उभी राहिली. वरचा दांडा धरलेल्या तिच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराशी, रक्त काढल्यावर लावतात तसा कापसाचा बोळा होता. दुसऱ्या हातात दवाखान्याचं पाकीट होतं.

ऑफिसात पोचल्यावर ती आधी कुणाला सांगेल, मुलीचं नाव शाळेतून कधी काढावं लागेल, फ्लॅटच्या मालकाला काय सांगायचं, इथपर्यंत मी मनात जाऊन आले. सिटी हॉल गेलं तरी कार्ड काढायचं मला सुचलं नाही.

उतरल्यावर तिने मला प्लॅटफॉर्मवरच्या एका खांबाशी नेलं. "अभिनंदन," असं म्हणून ती वाकली.

"मला माफ करा," मी म्हटलं. "नंबर तुमचा होता."

ती निघून जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिली. "डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर काही करता आलं असतं."

दोन वर्षांपूर्वी ती आली होती. माझ्याकडे आली होती.

"तुमच्या पासचा अर्ज गेला का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग अजून कुणाला सांगू नका. यादीतलं माझं नाव काढा आणि तिथे तुमचं घाला. मला आता ती जागा लागणार नाही. साहेब फक्त रांग मोडली का, एवढंच बघतात."

मी नको म्हणायला हवं होतं. मी टेबलाशी जाऊन फाइल उघडली, तिचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. रंगसुद्धा बदलला नाही. मला शरम वाटली, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अर्ज गेला, पास आला. मग मी साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यात आधी यादी उघडली, माझं नाव पाहिलं आणि हसून म्हणाले, "अगदी वेळेवर." टीमला सांगितलं तेव्हा पहिली टाळी तिने वाजवली.

धाकटी आता दहा महिन्यांची आहे. नवऱ्याला अजून नोकरी नाही, आणि यादी अजून माझ्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात टीममधली नवी मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिच्या लग्नाला वर्ष झालंय. इकडेतिकडे बघून तिने हळूच विचारलं, "माझा नंबर साधारण कधी येईल?"

पलीकडच्या टेबलावर ओसाकाची सहकारी टाइप करत होती. तिचे हात थांबले. काय बोलायचं ते मला स्वच्छ माहीत होतं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"उद्या सांगते," मी म्हटलं.