आईच्या शेजारची रिकामी सीट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला बुवाबाजीच्या लायनीत बसवायला नको. मी पंपवाला माणूस. कारखान्यांत मोठे पंप बसवून चालू करून द्यायचे, हे माझं काम. पंप आतून कण्हायला लागला की आत भूत नसतं, बेअरिंग गेलेलं असतं... हेच मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा सांगायला जायचो. त्यामुळे हे प्रकरण इतकी वर्षं बायको सोडून कुणालाच सांगितलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "लिहून टाका एकदाचं, नाहीतर असेच घरभर फेऱ्या मारत बसाल."

तर मंडळी, नव्वदचं दशक संपत आलेलं. मी ठाण्यात वर्तकनगरला राहायचो. आई-बाबा आणि धाकटा भाऊ रवी डोंबिवलीत, जुन्या घरी. बहीण शीला लग्न होऊन न्यू जर्सीला. तिला दिवस गेले आणि घरात महाभारत सुरू झालं. आई बाळंतपणाला जायला निघाली, आणि बाबांचा फुगा फुगला. बाबा रिटायर्ड. स्वतःच्या हाताने चहाचं आधण ठेवता येत नाही, पण तोरा केवढा! "तिकडे काय हॉस्पिटलं नाहीत? तुझ्यावाचून अडलंय का त्यांचं?" आईही काही कमी नव्हती. निघायच्या दिवशी बाबा पेपरातून डोकं वर काढेनात, तेव्हा ती दारातून म्हणाली, "ठीक आहे. मलाही आता तुमचं तोंड बघायचं नाही."

मी तिची बॅग घेऊन जिन्यात उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलंय.

पुढे पाच महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आईचा फोन आला की बाबा रिसीव्हर रवीच्या हातात द्यायचे. आम्ही मुलं हसायचो, म्हातारपणी काय हा पोरकटपणा म्हणून.

डिसेंबरात मी कंपनीच्या कामाला अमेरिकेत गेलेलो. काम आटपून शीलाचं बाळ बघायला दोन दिवस तिच्याकडे उतरलो आणि तिथेच रवीचा फोन आला. बाबांना हार्ट अटॅक. आयसीयूत आहेत. "दादा, आईला घेऊन ये रे... लवकर ये."

आईने पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि चपला घालून दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर बर्फ, पायात डोंबिवलीच्या चपला. "चल," म्हणाली. मी म्हटलं, "आई, अगं तिकीट नको का?"

आणि तिकीट कुठे होतं! नाताळची गर्दी, सगळी विमानं भरलेली. मी फोनवर घसा कोरडा केला. शेवटी एका बाईने विचारलं, तुमच्या खात्यात माइल्स किती आहेत? आता हे माइल्स म्हणजे, विमानाने जितकं फिराल तितके जमा होत जातात आणि भरपूर साठले की त्यावर तिकीट मिळतं. मी कंजूष माणूस, वर्षानुवर्षं साठवलेले. बायकोला स्वित्झर्लंड दाखवायचं होतं. बाई म्हणाली, साध्या वर्गात काही नाही, पण फर्स्ट क्लासमध्ये माइल्सवर दोन जागा देते. मी म्हटलं, घ्या सगळे, पण आम्हाला बसवा.

म्हणजे बघा, आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणी फर्स्ट क्लासमध्ये बसलं ते असं. लंडनपर्यंत आईने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. लंडनहून मुंबईचं विमान सकाळचं होतं. आत शिरलो तर काय ती खुर्ची! आमच्या डोंबिवलीच्या पलंगाएवढी. बटण दाबलं की मागे जाते, पायाखालून फळी वर येते, जवळजवळ आडवं होता येतं. आई खिडकीशी, तिच्या शेजारची सीट रिकामी, तिथला प्रवासी आलाच नव्हता, आणि मी मधली वाट सोडून पलीकडे. निळ्या टोपीची एक हवाईसुंदरी सारखी येऊन विचारत होती, काय आणू, काय आणू. आई मान हलवून नको म्हणायची. मध्येच मला म्हणाली, "लाज वाटते रे. ते तिकडे नळ्या लावून पडलेत आणि मी इथे महाराणीसारखी."

जेवणं झाल्यावर खिडक्यांच्या झडपा ओढल्या आणि भरदिवसा अंधार केला. मी खुर्ची पाडायला लागलो तशी आईने हटकलं. "थांब. विमानाचं तोंड कुठे आहे?"

समोर पडद्यावर नकाशा होता. "आपल्याकडे. आग्नेयेला."

"म्हणजे दक्षिणेकडेच. पाय पुढे करून झोपू नकोस. घरात माणूस आजारी आहे."

आमच्याकडे हे कडक. दक्षिणेला पाय करून झोपायचं नाही, ती यमाची दिशा. लहानपणी एका खोलीत आम्ही दाटीवाटीने झोपायचो, एखादा झोपेत उलटा फिरला की बाबा येऊन पायाचा अंगठा धरून हलवायचे... "ए, पाय फिरव." पण इथे मी दोन दिवसांचा जागा होतो. वैतागून म्हटलं, "आई, आभाळात कसली आलीय दिशा? झोपू दे मला." आणि सरळ पाय पसरले. आई मात्र त्या पलंगाएवढ्या खुर्चीत मांडी घालून बसून राहिली.

किती वेळ गेला माहीत नाही. कुणीतरी माझ्या उजव्या पायाचा अंगठा धरला. चिमटीत, घट्ट, आणि दोनदा हलवला. मी झोपेतच "हो बाबा" म्हणून पाय पोटाशी घेतले. मग भान आलं आणि ताडकन उठून बसलो. पायाशी कुणी नव्हतं.

पलीकडे बघितलं, तर आई शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बोलत होती. हळू आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू येत होतं. "तसं बोलायला नको होतं मी. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. तुमच्यावर रुसून नाही हो गेले, पोरीसाठी गेले..." मग थांबली, समोरच्याचं ऐकतेय अशी. परत बोलली. परत थांबली. आणि मंडळी, खोटं नाही सांगत, ती हसली! पदराने डोळे पुसत, खुदकन.

हाक मारायची हिंमत होईना.

थोड्या वेळाने तीच वळून म्हणाली, "अरे, त्या मुलीला सांग, चहा आण. भूक लागलीय." त्या साहेब लोकांच्या मध्ये आईने कपात पाव बुडवून बुडवून खाल्ला. एक संपल्यावर दुसरा मागवला. मग उलटी फिरून, डोकं पायांच्या फळीकडे करून, लहान मुलासारखी झोपली.

आणि माझी झोप उडाली ती उडालीच. कारण मला कळून चुकलेलं... बाबा गेले. जाताना तिला भेटून गेले. एरवी ही बाई अशी शांत होईल? मी वाटेत फेऱ्या मारत राहिलो. हवाईसुंदरीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? काय सांगणार तिला?

सहार विमानतळावर उतरल्यावर बूथवरून हॉस्पिटलला फोन लावत राहिलो, लाइन एंगेज. टॅक्सी केली. मुंब्र्यावरून शीळफाट्याकडे वळलो तरी आईचा चेहरा कसा निवांत. मी मनात वाक्य जुळवत होतो, तिला कसं सावरायचं. डोंबिवलीत पोचलो तेव्हा पहाट व्हायला आलेली. रवी हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला. मला बघून रडायलाच लागला.

"काल दिवेलागणीला बाबा गेलेच होते रे दादा," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. खूप वेळ काही कळेना. मग आले परत. आता बरे आहेत."

मी मटकन त्याच्या शेजारी बसलो. इथली दिवेलागण म्हणजे, घड्याळांतला फरक धरला तर, आमच्या विमानात अंधार केला तेव्हाच.

आम्हाला आत सोडलं. बाबा अर्धे झाले होते. नाकात नळी, पण डोळे उघडे. आई कॉटला धरून वाकली. "अहो, मी..." एवढंच म्हणाली, तोवर बाबांनी हात उचलला.

"झालं ना बोलून. किती वेळा तेच तेच?"

बाबांनी श्वास घेतला. "एवढ्या साहेब लोकांत चहात पाव बुडवून खाल्लास? तोही दोनदा?"

"भूक लागली होती," आई म्हणाली. इतकं साधं, की जणू संध्याकाळी घरातच बोलतायत दोघं. मी मात्र कॉटचा दांडा घट्ट धरून ठेवला. आम्ही कुठल्या वर्गातून आलो हेसुद्धा रवीला माहीत नव्हतं, आणि पावाचं तर मी अजून कुणापाशी बोललोच नव्हतो.

बाबा त्यातून उठले, पुढे बरीच वर्षं जगले. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. "मला काही आठवत नाही रे. मी तर झोपलेलो," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले असे भास होतात. होत असतील. पण भास बाबांना आणि अंगठा माझा? हे गणित मी सगळ्या बाजूंनी सोडवून बघितलं. सुटत नाही. बेअरिंग कुठलं गेलं होतं, आजही सांगता येत नाही.

आईला मात्र कधी गणित पडलंच नाही. एकदा भाजी निवडताना मी तिला विचारलं, "आई, त्या सीटवर बाबा दिसले तेव्हा तुला भीती नाही वाटली? ते गेले, असं नाही आलं मनात?"

"आधी आलं ना," ती म्हणाली. "काळजात चर्र झालं. पण मग ते भांडायलाच लागले. पाच महिने झाले, साखरेचा डबा कुठे ठेवून गेलीस, एका शब्दाने सांगितलं नाहीस म्हणे." तिने जुडीतली काडी मोडली. "गेलेलं माणूस साखर विचारतं का रे?"