मल्हारगंजात दोन पाहुणे, दोन तऱ्हेचा चहा

भाची केतकीनं लग्न ठरवलं आणि ताईनं मला पुण्याहून इंदूरला बोलावून घेतलं. मुलाची आई इंग्लंडची, वडील अमेरिकेचे. दोघं घर बघायला येणार होते. मुलीनं आपल्याच सोयरिकीत दुभाषी व्हायचं नाही, असं ताईचं मत, म्हणून ते काम माझ्याकडे. ताईचा स्वतःचा होकार अजून बाकी होता.

पुण्याहून रेल्वे सोयीची, तिकीट मात्र आधीच काढा. स्टेशनाबाहेर पोहे-जलेबी खाऊन निघा. स्वस्तात पोट भरतं. ताईच्या मल्हारगंजात रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते, तेव्हा मोठी बॅग नेऊ नये. मी नेली होती.

पाहुणे दुपारी आले. ताईनं आलं घालून दुधात उकळलेला चहा आणला. "दूध वेगळं मिळेल का?" मुलाच्या आईनं, लिंडाबाईंनी, मला हळूच विचारलं, मग कपात बघून "राहू द्या" म्हणाल्या आणि सगळा प्यायल्या. आमच्याकडे रिकामा कप म्हणजे अजून हवा, ताईनं भरला. लिंडाबाईंना कपात चहा ठेवणं असभ्य वाटे, त्यांनी संपवला. ताईनं पुन्हा भरला. हे थांबवणं माझं काम होतं का, ते मला ठरवता आलं नाही.

त्यांचे यजमान डेव्ह यांनी कपाला हातही लावला नाही. "मी गरम चहा पीत नाही," ते म्हणाले. मी जसंच्या तसं सांगितलं.

ताईचा चेहरा उतरला. सोयरिकीला आलेल्यानं चहा न घेणं म्हणजे आमच्या घरात सरळ नकार.

"नाही म्हणायचं होतं तर फोनवर बोलायचं ना! येवढ्या दूर काय टाइमपास करायला आले?"

"आई, त्यांच्याकडे चहात बर्फ टाकतात," केतकी दारातून म्हणाली.

"चहात बर्फ? मला पागल समजते काय गं?"

मी डेव्हना विचारलं. खरं होतं. बिनदुधाचा, बर्फ आणि लिंबू घालून, लहानपणापासून.

"तीस वर्षं सहन करतेय मी हे," लिंडाबाई म्हणाल्या. हे सांगावं का, याचा मी विचार केला आणि सांगितलं.

ताई पहिल्यांदा हसली. "म्हणजे यांचं आपसातच जमत नाही, फिर भी निभतंय!" ती आत गेली, कोरा चहा करून बर्फावर ओतला, लिंबू पिळलं आणि ग्लास आणून समोर उभी राहिली. डेव्हनी एका दमात संपवला.

"और घ्या ना, समधीजी!" ताई म्हणाली.

इंदुरात व्याह्यांना समधी म्हणतात. केतकी दारातच खाली बसली.

मी पाहुण्यांना पोचवायला गेले तेव्हा रिक्षात लिंडाबाईंनी विचारलं, "उद्याही चहा असेल?" मी हो म्हटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलगी फार गोड आहे."

पुण्यात आल्यापासून मी पाहुण्यांना आधी विचारते, चहा घेणार का, कसा घेणार. मला हे योग्य वाटतं. परवा शेजारच्या काकू दारातूनच परत गेल्या. "नसेल करायचा तर तसं सांग ना," म्हणाल्या.