संगणक वाचत नाही त्या ओळी

आमच्या साडूंइतके कष्ट घेऊन लोकांच्या मनातून उतरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकीच्यांना ते आयतं जमतं. साडूंनी त्यासाठी मेहनत घेतली. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात, संगणक विभागात, उसाची वजनं भरण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतर ते केडगावला घर बांधून राहिले. मूलबाळ नव्हतं. घरी कुणी आलं की पाणी द्यायच्या आधी ते सांगत, "मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की तिसगावचा आठवडे बाजार सकाळी दहालाच उठतो. मी जाऊन बघून आलो. नाही उठत." पाहुण्याला आपण असं काही म्हणाल्याचं आठवतही नसे. तो बिचारा चहा घेऊन जायचा आणि पुन्हा यायचा नाही. साडूंना त्याचं काही वाटत नसे. "खरं बसलं ना जागेवर?" एवढंच.

निवृत्तीनंतर त्यांनी जे काम धरलं, ते समजावून सांगताना माझी अजून दमछाक होते. उसाची वजनं, बँकेची खाती, दवाखान्यातले पेशंट, असं काहीही साठवून ठेवणारी सॉफ्टवेअर असतात. त्यांतलं एक फुकट आहे. जगभरातल्या लोकांनी मिळून ते लिहिलंय, आतला मजकूर कुणीही उघडून बघावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. तिकडचे जाणते ती तपासतात, पटली तर घेतात, नाही तर नाकारतात. या मजकुरात संगणकाला दिलेल्या हुकुमांच्या मधूनमधून माणसांनी माणसांसाठी इंग्रजीत टिपा लिहिलेल्या असतात. इथे काय चाललंय, असं का केलंय, याला हात लावू नका, अशा. संगणक या ओळी वाचतच नाही, ओलांडून पुढे जातो. आमचे साडू नेमक्या या ओळींतल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून पाठवत. फक्त तेवढंच. हुकुमाच्या ओळीला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

"म्हणजे तुम्ही दुरुस्त केलं काय आणि न केलं काय, संगणकाला सारखंच?" मी एकदा विचारलं.

"अगदी सारखं."

"मग कशाला डोळे फोडून घेता?"

"साडूभाऊ, फाट्यावरची पाटी चुकली म्हणून एसटी वाट चुकत नाही. चुकतो तो खाली उतरलेला माणूस."

यावर मी हसलो होतो. त्या काळात मी त्यांच्या प्रत्येक वाक्यावर हसायचो आणि घरी येऊन बायकोला ते वाक्य नकलेसकट ऐकवायचो. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून ती थोडी चिडायची, मग तीही हसायची.

चुका सापडाव्यात म्हणून ते सकाळी या टिपा पोथी वाचावी तशा मोठ्यानं वाचत. आत मेहुणी भाकरी थापत असे. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण साडू तिला ओळीओळीचा अर्थ सांगत, त्यामुळे तिला ती टिपा लिहिणारी माणसं भाऊबंदांसारखी ठाऊक झाली होती. "दाजी, त्यातला एक लई भांडकुदळ हाय," ती मला सांगायची. "दुसऱ्याच्या कामावर टोमणं लिवतो. आन एक गरीब हाय बिचारा. 'हे का चालतंय मला कळत न्हाई, पन चालतंय' असं लिवून मोकळा झाला." साडू दुरुस्तीला पॅच म्हणत, ती ठिगळ म्हणायची. "आज ठिगळ परत आलं, म्हनून जेवले न्हाईत," असं तिनं एकदा सांगितलं, तेव्हा तर मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. परत आलेल्या ठिगळाबद्दल तिकडच्या कुणीतरी लिहिलं होतं की अशा बारीकसारीक गोष्टींत आमचा वेळ घालवू नका. साडू दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

हा नाद घरातही शिरला होता. विजेच्या बोर्डावर चिठ्ठी : 'हे बटण कशाचेच नाही. का बसवले ते वायरमनला विचारावे.' पाण्याच्या मोटरीवर : 'आधी व्हॉल्व्ह उघडा. न उघडल्यास काय होते ते आम्हाला माहीत आहे.' मोरीतल्या नळावर 'गळतो, वापरू नये' अशी चिठ्ठी होती. प्लंबरनं नळ दुरुस्त केला आणि चिठ्ठी काढायची राहिली. दिवाळीला आलेल्या आम्ही सगळ्यांनी धडक्या नळाशेजारी उभं राहून बाहेरून आणलेल्या बादल्यांनी आंघोळी केल्या. साडूंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा हातून अपघात झाल्यासारखा झाला. प्रत्येकाची वेगळी माफी मागितली, अगदी माझ्या धाकट्या सुनेचीही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मात्र मला हसू आलं नाही. व्याही वजनदार. सूत्रसंचालकाला मीच सांगून ठेवलं होतं, साडूंची ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी कर. त्यानं तसं म्हटलं. साडू उठले, टोपी नीट केली, स्टेजवर गेले आणि माईक मागून घेतला. "मी इंजिनिअर नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपांमधल्या स्पेलिंगच्या चुका मी सुधारतो. पगार नाही." एवढं बोलून खाली उतरले. मांडव हसला. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलीचं वयही मी खोटं सांगितलं असावं. लग्न झालं, पण मी साडूंशी बोलणं टाकलं. त्यानंतर कित्येक दिवाळ्या मी केडगावला गेलो नाही. ते फोन करायचे. मी बायकोकडे देऊन टाकायचो.

आता माझ्याबद्दल सांगतो. आमच्या भागात दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि त्यात मला पंचक्रोशीत मागणी होती. गेलेल्या माणसाला थोडं वाढवून सांगायचं, ही रीत. पिठाच्या गिरणीचा मालक 'उद्योजक' होतो, सोसायटीत एकदा पडलेला उमेदवार 'सहकारातला दीपस्तंभ'. कुणाचं काही जात नाही, घरच्यांना बरं वाटतं. बोलणं टाकण्याआधी असंच माझं एक भाषण ऐकून साडू म्हणाले होते, "जिवंतपणी त्या माणसाला कुणी खुर्ची दिली नाही. आज तुम्ही एवढ्या दिल्या की तो बसणार कुठं? साडूभाऊ, माझ्या वेळी मी होतो तेवढाच सांगा. जास्त नको, कमी नको."

"बरं, तेवढाच सांगीन," मी म्हणालो होतो.

"नाही तर मी उठून माईक घेईन."

आम्ही दोघंही हसलो होतो.

आमचं बोलणं पुन्हा सुरू व्हायच्या आधीच साडू गेले. गोदावरीच्या काठी, त्यांच्या गावी दशक्रिया झाली. आमच्याकडे जिवंतपणी न फिरकलेलाही दशक्रियेला येतो; पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या होत्या, समोर माणूस मावत नव्हता. मेहुणीनं आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "दाजी, ते जे करायचे तेवढंच सांगा." मी उभा राहिलो. समोर साखरपुड्याचे तेच व्याही बसले होते. स्पेलिंगच्या चुका हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेनात. मी म्हणालो, "अमेरिकेच्या कंपन्या ज्यांचा सल्ला घेत, असे आंतरराष्ट्रीय संगणक अभियंते आपल्यातून गेले." मग बोलतच गेलो. एका क्षणी मी थांबलो, खरोखर थांबलो. कुणीतरी उठेल, टोपी नीट करेल आणि हात पुढे करेल असं वाटलं. कुणी उठलं नाही. बायका डोळे पुसत होत्या.

मेहुणी नंतर माझ्याजवळ आली. "दाजी, मला वाटलं मी दुसऱ्याच कुनाच्या दशक्रियेला येऊन बसले."

ते वाक्य तिथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण माझं भाषण गावात रुजलं. जिवंतपणी ज्यांनी साडूंना 'चुकीमास्तर' म्हणून चिडवलं, त्यांनीच चौकात फ्लेक्स लावला. वर्षश्राद्धाला गावातल्या अभ्यासिकेला त्यांचं नाव दिलं आणि वर माझे शब्द रंगवले : आंतरराष्ट्रीय संगणक अभियंता. फीत कापायला मेहुणीला उभं केलं. तिनं कात्री हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी माईक घेतला. म्हणालो, "ही पाटी खोटी आहे. खोटं मी बोललो होतो. ते इंजिनिअर नव्हते. ते टिपांमधल्या चुका सुधारायचे, संगणक न वाचणाऱ्या ओळींमधल्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या कुणीतरी वाचायच्या ओळींमधल्या. ते काम त्यांनी मन लावून केलं आणि मी त्याला हसलो."

मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, बास आता! मेल्यावर बी साडूवरचा जळफळाट जाईना व्हय?" हशा पिकला. सरपंचांनी माझ्या हातातून माईक अलगद काढून घेतला, "नानांचा स्वभाव पहिल्यापास्नं विनोदी," असं म्हणाले आणि फीत कापली गेली. पाटी अजून तिथेच आहे. त्या रंगाची हमी चांगली असावी.

परतताना गाडीत मेहुणी माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "आज बरोबर बोललात, दाजी."

"कुणी घेतलं का पण?"

"त्यांचं बी कधी कधी घ्यायचे न्हाईत." ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. "मी म्हनायची, मग कशाला पाठवता? तर म्हनायचे, दुरुस्ती नाकारली तरी पाठवायची. पाठवलेली तिथं ऱ्हाते. कधीतरी कुनीतरी बघतं."

म्हणून हे लिहून पाठवतो आहे. साडू, जास्त लिहिलं नाही. कमीही नाही, असं वाटतं. एकदा तपासून घ्यायला तुम्ही हवे होतात.